तिसऱ्या वर्षाचा मानसशास्त्र प्रकल्प: विषय निवडण्यापासून वायवापर्यंत

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या बऱ्याच मुलामुलींना तिसऱ्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. तोपर्यंत संशोधन म्हणजे गूगल फॉर्म, शंभर उत्तरं आणि शेवटी स्पायरल बाइंडिंग, एवढीच अनेकांची कल्पना असते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर या कामाचं वजन वाढलं आहे. यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. म्हणजे पदवीलाच खऱ्या संशोधनाची अपेक्षा आहे.

मी माझा प्रकल्प पुण्यात केला, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींवर. ते करताना माझं एक मत पक्कं झालं. पहिला भरलेला फॉर्म हातात येण्याआधी आपण काय ठरवलं आणि काय कागदावर उतरवलं, त्यावर प्रकल्पाचा दर्जा ठरतो. तिथे राहिलेली उणीव पुढे कितीही आकडेमोड केली तरी भरून निघत नाही. म्हणून इथेही आधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

१. विषयातून प्रश्न काढा

'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्नात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणाबद्दल बोलतोय, नेमकं काय मोजणार आहोत आणि कोणत्या काळातलं.

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. बीड, लातूर, नांदेड, धाराशिवकडून आलेली मुलंमुली तिथे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत एमपीएससीची तयारी करत बसलेली असतात. 'स्पर्धा परीक्षा आणि मानसिक आरोग्य' या भल्यामोठ्या विषयापासून सुरुवात करून मी इथवर आले: अभ्यासिकेत नियमित बसणाऱ्या १८ वर्षांवरील विद्यार्थ्यांमध्ये, गेल्या महिनाभरातल्या झोपेची प्रत आणि त्याच महिन्यात जाणवलेला ताण यांचा संबंध किती आहे? 'आहे का' असं न विचारता 'किती' विचारलं, की पुढचं सगळं काम नेमकं होत जातं.

प्रश्न पक्का करण्याआधी एक कसोटी लावा. उत्तर 'काहीच संबंध नाही' असं आलं, तरी ते सांगण्यासारखं असेल का? नसेल, तर प्रश्न बदला. दुसरं म्हणजे, ही माणसं तुमच्या आवाक्यात आहेत का? कैद्यांवर, रुग्णालयात दाखल असलेल्यांवर किंवा लहान मुलांवर संशोधन करायला परवानग्या लागतात आणि त्यात अख्खं सत्र निघून जातं.

आत्महत्या, लैंगिक अत्याचार, स्वतःला इजा करणं हे विषय पदवीच्या प्रकल्पाला घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. पण फॉर्ममध्ये कुणी 'हो' असं लिहिलं, तर त्याच दिवशी त्या माणसापर्यंत पोचण्याची जबाबदारी येते आणि निनावी फॉर्ममध्ये ते शक्यच नसतं. नैराश्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलच आहे. ती घेण्याआधी गाईडशी याबद्दल स्पष्ट बोला.

२. वाचन

गूगल स्कॉलर आणि शोधगंगा एवढ्यावर सुरुवात होते. शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात आणि त्यांच्या परिशिष्टांत कधीकधी प्रश्नावल्यांच्या मराठी आवृत्त्याही सापडतात. शोधनिबंध वाचताना सारांशानंतर थेट 'पद्धती' हा भाग वाचा. सहभागी कोण होते, किती होते, काय वापरून मोजलं, हे एका तक्त्यात भरत जा. दहा-बारा निबंधांचा असा तक्ता झाला की काय अजून कुणी विचारलेलं नाही, हे आपोआप दिसू लागतं.

एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा. २०१०मध्ये हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी दाखवून दिलं, की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, श्रीमंत देशांतल्या माणसांवरून, त्यातही मुख्यतः कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत आणि जगातल्या इतरांना ते जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालता येत नाही. गावाकडून आलेली, खोलीभाडं आणि मेसचे पैसे घरून मागवणारी, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेला बसणारी मुलगी त्या अभ्यासांत नाही. तुमचा छोटा प्रकल्प म्हणूनच कामाचा आहे.

३. प्रश्नावली निवडा आणि आधी माणसांसमोर वाचून बघा

स्वतः प्रश्नावली तयार करण्याचा मोह आवरा. चांगली प्रश्नावली तयार करणं हाच एक वेगळा, मोठा प्रकल्प असतो. ताणासाठी मी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३मधली 'पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल' घेतली, तिची दहा प्रश्नांची आवृत्ती. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. झोपेसाठी 'पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स' घेतला. तो १९८९चा आहे. त्यात सात घटक, एकूण ० ते २१ गुण आणि ५च्या वर गेलं की झोपेची प्रत खराब मानतात. दोन्हीकडे गुण जास्त म्हणजे परिस्थिती वाईट, हे डोक्यात पक्कं ठेवा, नाहीतर निष्कर्ष लिहिताना उलटापालट होते. कुठलंही साधन घेण्याआधी वापराच्या अटी वाचा. काही साधनं शैक्षणिक कामाला मोफत असतात, काहींना लेखी परवानगी लागते, काही विकतच घ्यावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली पीडीएफ म्हणजे परवानगी नव्हे.

मराठी आवृत्ती आधी झाली आहे का ते शोधा. नसेल, तर एकाने मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या कुणी ती परत इंग्रजीत न्यायची आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासायचे. ही पद्धत ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात.

पण एवढ्यावर थांबू नका. पाच-सहा जणांना समोर बसवा, प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि 'हे वाचून तुमच्या मनात काय आलं?' असं विचारा. माझ्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच हाती लागली. झोपेच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न रात्री साधारण किती वाजता झोपता असा आहे. तो वाचून एक मुलगा थांबला. म्हणाला, "ताई, मी रात्री झोपतच नाही. रात्री अभ्यासिकेत शांतता असते. सकाळी सातला खोलीवर जातो, दुपारी एकपर्यंत झोपतो. मग इथे काय लिहू?" त्याच्यासारखे आणखीही निघाले. हा प्रश्न रात्री झोपणारी माणसं गृहीत धरून लिहिलेला आहे. प्रश्नाचा मजकूर मी बदलला नाही, कारण तसं केलं की जुन्या अभ्यासांशी तुलना करता येत नाही. 'तुमची मुख्य झोप दिवसा असते की रात्री?' असा एक प्रश्न आधी घातला आणि दिवसा झोपणाऱ्यांची माहिती वेगळी ठेवायची, असं तेव्हाच लिहून ठेवलं. थेट ऑनलाइन लिंक पाठवली असती, तर त्या मुलाने काहीतरी आकडा टाकला असता आणि मला कधीच कळलं नसतं.

४. परवानगी आणि संमती

कॉलेजात एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडे अर्ज करा. नसेल तर विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घ्या. आयसीएमआरची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, पण त्यांतला संमतीचा भाग आपल्यालाही उपयोगी पडतो. १८च्या खालचे सहभागी असतील तर पालकांची संमती हवीच, शिवाय त्या मुलाची स्वतःचीही तयारी हवी. ज्युनियर कॉलेजच्या मुलांना फॉर्म पाठवून मोकळं होता येत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं.

संमतीपत्र बोलीभाषेच्या जवळ ठेवा. मी वापरलेला मजकूर साधारण असा होता:

"नमस्कार. मी बी.ए. मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांची झोप आणि ताण यांवर प्रकल्प करत आहे. प्रश्नावली भरायला साधारण पंधरा मिनिटं लागतील. नाव, फोन नंबर किंवा ईमेल विचारलेला नाही. काही प्रश्न वाचून मन अस्वस्थ होऊ शकतं. कुठल्याही क्षणी, कारण न सांगता तुम्ही थांबू शकता. भाग घेतल्याने किंवा न घेतल्याने अभ्यासिकेतल्या तुमच्या जागेवर काहीही परिणाम होणार नाही. ही वैद्यकीय तपासणी नाही, त्यामुळे यातून निदान सांगता येणार नाही. हे वाचून भाग घ्यायला मी तयार आहे: हो / नाही."

यातलं जागेबद्दलचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. अभ्यासिकेच्या मालकांनी परवानगी दिली की मुलांना वाटतं, नाही म्हटलं तर काका नाराज होतील. कॉलेजात शिक्षकांनी 'सगळ्यांनी फॉर्म भरा' असं सांगितलं की तेच होतं. अशी भीतीपोटी दिलेली संमती मी संमती मानत नाही.

गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. फॉर्मच्या शेवटी मदतीची माहिती द्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

५. किती माणसं लागतील?

'शंभर बरे दिसतात' हे उत्तर नाही. जीपॉवर हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि किती मोठा संबंध शोधायचा आहे ते भरा. ०.३ एवढा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून बदलतात ते सांगणारा, -१ ते १ मधला आकडा) खरोखर असेल आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर साधारण ८५ माणसं लागतात. संबंध ०.२ एवढाच असेल तर १९४च्या आसपास. दोन गटांची तुलना करायची आणि फरक मध्यम आकाराचा असेल, तर प्रत्येक गटात ६४. अर्धवट फॉर्म बाद होतील म्हणून त्यावर थोडे जास्त धरा.

हा हिशोब केला की कळतं, की तीस जणांत 'मुलगे विरुद्ध मुली, त्यात पुन्हा शहरी विरुद्ध ग्रामीण' अशी विभागणी करण्यात काही अर्थ नाही. एका गटात सात-आठ जण राहतात आणि त्यांच्यावरून काहीच म्हणता येत नाही.

६. आधी लिहून ठेवा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. माहिती गोळा करण्याआधी एका पानावर लिहा: परिकल्पना (काय दिसेल असा आपला अंदाज) काय, कोणती सांख्यिकी चाचणी लावणार, कुणाचे फॉर्म बाद करणार, किती जण झाले की थांबणार. तारीख घाला, गाईडची सही घ्या. हवं तर ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर नोंदवा, ते मोफत आहे.

हे कशासाठी? २०१५मध्ये मोठ्या नियतकालिकांतले १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय होता, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच तसा आला. त्याआधी २०११मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी दाखवलं होतं, की माहिती हातात आल्यावर 'यांना वगळून बघू', 'अजून वीस जण घेऊ', 'फक्त मुलींचं बघू' असं करत गेलं, तर जे नाहीच तेही सहज 'सापडतं'. त्यासाठी लबाड असावं लागत नाही. मेहनत वाया जाऊ नये असं वाटणारा कुणीही माणूस नकळत त्या वाटेने जातो. आधी सही केलेलं पान आपल्याला त्यापासून वाचवतं.

७. माहिती गोळा करताना

वेळ आणि दिवस आधी ठरवा. पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळेच ताणात असतात आणि सगळ्यांचे गुण एकाच टोकाला जमा झाले की खरा संबंधही पुसट दिसतो. निकालानंतरच्या आठवड्यात चित्र आणखी वेगळं असतं. परीक्षेच्या तारखा टाळून मधला काळ घेतला, तर तसं अहवालात लिहा. रोज सकाळी दहालाच गेलात तर रात्री जागणारे भेटणारच नाहीत, म्हणून सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या वेळी जा. रात्री एकटीने जाऊ नका, मैत्रिणीला सोबत घ्या. चहाच्या सुट्टीत लोक मोकळे असतात. अभ्यास चालू असताना कुणाला हाक मारू नये.

फॉर्म भरून झाल्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, माझा स्कोअर किती? मला डिप्रेशन आहे का?" याचं उत्तर आधी पाठ करून ठेवा. मी म्हणायचे, "ही प्रश्नावली निदान करण्यासाठी नाहीच, आणि तसं सांगायची पात्रताही माझ्याकडे नाही. पण तुम्हाला बोलावंसं वाटत असेल, तर या नंबरवर बोला," आणि छापील चिठ्ठी द्यायचे. समोरचा खूपच खचलेला वाटला तर त्याच दिवशी गाईडला सांगा. सहभागीची माहिती गुप्त ठेवायची असतेच, पण जिवाला धोका वाटला तर तो अपवाद आहे.

८. माहिती साफ करणं आणि विश्लेषण

मूळ फाइल कधीच बदलू नका. तिची प्रत काढा, प्रतीवर काम करा आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवा.

ताणाच्या प्रश्नावलीत ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे आहेत. त्यांत अडचणी हाताळता येतात का, गोष्टी मनासारख्या होतात का, असं विचारलेलं असतं. त्यांचे गुण उलटवावे लागतात: ०चे ४, १चे ३. हे राहिलं तर सगळं पुढचं काम चुकतं. याच प्रश्नांमुळे न वाचता भरलेले फॉर्मही पकडता येतात. एखाद्या ओळीत दहाही उत्तरं 'कधीच नाही' असतील, तर त्या माणसाचं म्हणणं असं होतं, की तो कधीच त्रासला नाही आणि त्याला कधीच आत्मविश्वासही वाटला नाही. असे फॉर्म बाद करायचे का, हे सहाव्या पायरीच्या पानावर आधीच लिहिलेलं हवं.

झोपेच्या वेळा हा दुसरा घोळ. कुणी '१२' लिहितं, कुणी '१२ रात्री', कुणी '१२.३०'. एक्सेलमध्ये झोपण्याची वेळ २३.३० आणि उठण्याची ६.०० असेल, तर साध्या वजाबाकीत उत्तर उणे येतं. अशा ठिकाणी २४ तास मिळवावे लागतात. प्रत्येक ओळीत 'अंथरुणातले तास' दिसायला शहाण्यासारखे आहेत ना, ते डोळ्यांनी तपासा. झोप सहा तास आणि अंथरुणात चार तास असं निघालं, तर कुठेतरी गडबड आहे.

विश्लेषणासाठी जामोवी किंवा जास्प हे सॉफ्टवेअर वापरा. दोन्ही मोफत आहेत. क्रम असा ठेवा: आधी क्रोनबाख अल्फा काढून प्रश्नावली तुमच्या गटात सुसंगत चालली का ते पाहा, साधारण ०.७च्या वर असेल तर ठीक मानतात. मग स्कॅटर प्लॉट काढा, म्हणजे झोप आणि ताणाच्या गुणांनुसार प्रत्येक माणसाचं एक टिंब असलेला आलेख. टिंबं कशी पसरली आहेत ते बघितल्याशिवाय सहसंबंधाच्या आकड्याकडे जाऊ नका, कारण एखादं लांबचं टिंब सगळा आकडा ओढून नेतं. मग पिअरसनचा सहसंबंध काढा, किंवा गुणांचं वितरण फारच एका बाजूला कललेलं असेल तर स्पिअरमनचा.

आकडा आला की पी-व्हॅल्यूवर (खरा संबंध नसतानाही एवढा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता) थांबू नका. समजा ८५ जणांत सहसंबंध ०.३ आला. ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ०.०९ ते ०.४८ येते. म्हणजे खरा संबंध अगदी किरकोळही असू शकतो आणि बऱ्यापैकी मोठाही. ०.३चा वर्ग ०.०९, म्हणजे ताणातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के भाग झोपेशी जुळतो. 'झोप सुधारा, ताण पळवा' असं लिहायला एवढ्यावर आधार नाही. ताणामुळे झोप उडत असेल, झोप नसल्यामुळे ताण वाढत असेल, किंवा संपत आलेले पैसे आणि वाढत चाललेलं वय या दोन्हींच्या मुळाशी असेल. एकदाच भरून घेतलेल्या फॉर्ममधून यातलं काय खरं, ते ठरत नाही. शिवाय झोपेच्या प्रश्नावलीतला एक घटक दिवसभराचा उत्साह मोजतो. तो ताणाच्या इतका जवळचा आहे, की थोडा संबंध मोजमापातूनच आलेला असू शकतो. हे अहवालात लिहिलंत, तर परीक्षकांना तुमचा अभ्यास दिसेल.

९. अहवाल आणि वायवा

पद्धती हा भाग आधी लिहा, काम ताजं असतानाच. मग निष्कर्ष, मग चर्चा, प्रस्तावना सर्वांत शेवटी. संबंध अपेक्षेपेक्षा कमी आला, माझ्या प्रकल्पात तसंच झालं, तर तो तसाच लिहा. परिकल्पना मागाहून बदलून 'आम्हाला हेच अपेक्षित होतं' असं लिहू नका. पानावर सही आहे, हे विसरू नका. दिवसा झोपणाऱ्यांबद्दल वेगळा परिच्छेद लिहा. पुढच्या वर्षी कुणाला तरी त्यातूनच प्रश्न मिळेल.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तीन प्रश्न जवळपास ठरलेले असतात: हेच साधन का घेतलं, एवढेच सहभागी का, आणि यावरून सगळ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलता येईल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि का नाही ते दोन वाक्यांत सांगता यायला हवं: सहभागी सोयीने निवडलेले होते, ठरावीक पेठांतल्या अभ्यासिकांतले होते आणि ज्यांना फॉर्म भरायला वेळ आणि उमेद होती तेच यात आले.

गुण लागल्यावर एक काम उरतं. निष्कर्षांचं एक पान मराठीत लिहा: काय विचारलं, काय दिसलं, काय सांगता येत नाही. कुणाचंही वैयक्तिक उत्तर ओळखू येईल असं काही त्यात नको. वर मदतीचा नंबर ठळक छापा. अभ्यासिकेच्या मालकांना विचारून ते पान सूचनाफलकावर लावा. कागदी फॉर्म असतील तर ते किती काळ आणि कुणाच्या कपाटात राहणार, हे गाईडशी ठरवून लिहून घ्या आणि स्वतःच्या फोनमध्ये, लॅपटॉपवर उरलेल्या प्रती पुसून टाका.